खिडकीतल्या काकू

"काकू उडवल्या न काका! आता पहा, कसा क्लीन शॉट आला."

योगेशचा हा निरोप मोबाइलवर उमटला तेव्हा गोपाळकृष्ण जेवणाच्या टेबलापाशी बसून एका बसचं पुढचं चाक बसवत होते. बस वीतभर लांबीची, प्लॅस्टिकच्या विटांची. लहान मुलं ज्यांची घरं रचतात त्याच त्या, एकमेकींत घट्ट बसणाऱ्या, डोक्यावर बारक्या गोट्या असलेल्या विटा. पण बँकेतून निवृत्त झाल्यावर गोपाळकृष्णांनी त्यांचा असा काही ध्यास घेतला होता की त्याला पोरखेळ म्हणायची कर्वेनगरच्या त्या सोसायटीत कुणाची छाती नव्हती. आधी बस गाठायची, उन्हाचा अंदाज घेऊन बाजूनं सरळ फोटो काढायचा, तो छापून आणायचा, त्यावर पट्टी ठेवून एका खिडकीला किती गोट्या ते ठरवायचं, आणि मग देवळाचा कळस चढवावा तशी एकेक वीट चढवत न्यायची. डिझेलच्या जुन्या बसेस आता भराभर मोडीत निघत होत्या. त्यांच्या जागी आवाज न करणाऱ्या, काचबंद गाड्या येत होत्या. शेवटची जुनी बस रस्त्यावरून जाण्याआधी तिचं रूप आपल्याकडे असावं, एवढीच गोपाळकृष्णांची इच्छा होती. योगेश वर्ध्याकडून आयटीत नोकरीला आलेला. बसचे आणि रेल्वेचे फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपात त्यांची ओळख झाली होती आणि सुट्टीच्या सकाळी दोघं घोरपडीच्या पुलावर इंजिनांची वाट बघत न बोलता उभे राहत. ग्रुपचा नियम एकच होता. फोटोत माणूस नको. माणूस आला की गाडी विटाळली.

त्यांनी चष्मा वर सारून योगेशनं पाठवलेला फोटो मोठा केला. दुपारी पुलगेटला त्यांनीच काढलेला, लोणी काळभोरला निघालेल्या बसचा. चौथ्या खिडकीत आता कुणी नव्हतं. नुसती सरकवलेली काच, काचेत थोडं आभाळ, आणि एका झाडाची फांदी, जी तिथे मुळात नव्हतीच, यंत्रानं आपल्या मनानं काढलेली. फार सुबक. गोपाळकृष्णांना ती फांदी बघून उगीचच कसंसं झालं. रिकाम्या पाटावर कुणी रांगोळी काढून ठेवावी तसं. मग त्यांना वाटलं, पण उडवलं कुणाला? टेबलावर त्यांचा मूळ फोटो होता, दुपारीच छापून आणलेला, त्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. चौथ्या खिडकीवर तर त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टी ठेवली होती आणि शेजारी लिहिलं होतं, चार गोट्या. त्या रेघांच्या आत एक बाई बसली होती. एक हात खिडकीबाहेर, बोटं पत्र्यावर टेकलेली. तोंड उघडं. आधी वाटलं कुणावर तरी ओरडते आहे. मग कळलं, गाते आहे. आणि मग, कीर्तनात बुवा पद म्हणता म्हणता थांबतात आणि पेटी तेवढी मागे रेंगाळते, तसं काहीतरी त्यांच्या छातीत झालं. त्या पद्मजा होत्या. त्यांची बायको.

चाकाची बारकी वीट बोटातून सुटून टेबलाखाली गेली. ती उचलायला ते वाकले नाहीत. दुपारपासून हा चेहरा समोर होता, त्याच्यावर त्यांनी पट्टी ठेवली, पेन्सिल फिरवली, आणि दिसली ती खिडकी. बरं, बस उभी होती ती त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे पद्मजाला ते नक्की दिसले असणार. डोळा कॅमेऱ्याला लावलेला, एक पाय पुढे, टोपी मागे. तो बाहेर काढलेला हात ताल धरणारा होता, की त्यांनाच बोलावणारा? त्यांनी फोटो दिव्याखाली धरला. बोटं पसरलेली होती. कागदाचे ठिपके मोठे झाले आणि हात हात राहिला नाही, तपकिरी रंगाची चार-सहा टिंबं झाली.

आणि मुख्य म्हणजे, ती लोणीला कशाला जाते? हा प्रश्न मनात आला आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्याहून वाईट गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तिनं हे सांगितलं होतं. चोरून जाणारी बाई नव्हे ती. या टेबलापाशी, ते पाठमोरे बसलेले असताना, स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता, वर्षभर येत होता. त्यात लोणी होतं, कुणी यमुनाबाई होत्या, दर आठवड्याची फेरी होती, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्यांनी मान न वळवता म्हटलेलं "हं" होतं. आवाज आठवत होता. त्या आवाजातले शब्द मात्र नळाच्या पाण्यासारखे निघून गेले होते. त्यांना आठवलं, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ते तिला याच लोणीच्या स्टेशनावर घेऊन गेले होते. गावात नव्हे, फलाटावर. दौंडकडून येणाऱ्या गाडीचं इंजिन त्यांना हवं होतं. धुकं होतं, रुळांच्या पलीकडे उसाचं पान न् पान ओलं होतं, आणि पद्मजानं शालीत हात लपवून विचारलं होतं, "मी कुठे उभी राहू?" ते म्हणाले होते, "मागे." ती म्हणाली, "बरं, मागे तर मागे. म्हणजे तुमच्या नि तुमच्या लाडकीच्या मध्ये नको यायला." गाडी आली, धुकं फाडत आली, त्यांनी फोटो घेतला, वळून बघितलं तर ती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत फलाटाच्या टोकापर्यंत गेली होती. त्यानंतर ते लोणीच्या फलाटावर कितीदा गेले. गावात कधी नाही.

लॅचमध्ये किल्ली फिरली. गोपाळकृष्णांनी फोटो पालथा घातला, का ते त्यांनाही कळलं नाही.

"दिवा लावायचाही राहिला का? देवापाशी अंधार आणि टेबलावर रोषणाई," पद्मजा चपला काढत म्हणाल्या. अंगावर फोटोतलीच हिरवी साडी. गालावर उन्हाची लाली. त्यांनी देवापुढे निरांजन लावलं, हात जोडले, आणि ओठ जरा हलले.

"दमलीस?" गोपाळकृष्णांनी विचारलं.

त्या थबकल्या. "मी? का हो?"

"नाही, सहजच."

"सहज तुम्ही इंजिनाला विचारता तसं." त्या पाणी प्यायल्या. "बरं, गुरुवारचं लक्षात आहे ना?"

"आहे की."

"काय आहे लक्षात?"

"गुरुवार," ते म्हणाले.

पद्मजा हसल्या. "पांढरा सदरा इस्त्रीला टाकलाय. मी सकाळीच जाणार, तुम्ही दुपारनंतर या. वेळेवर या म्हणजे झालं. ती माणसं वाट बघतील."

"कुठल्या... म्हणजे कुठल्या बसनं येऊ?"

"अहो, बसचं तुम्ही मला विचारता?" त्या खरंच चकित झाल्या. "उद्या मी तुम्हाला विचारीन, आमटीत गूळ किती घालू म्हणून."

आता विचारावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पद्मा, गुरुवारी काय आहे? पण हे विचारणं म्हणजे वर्षभराची ती सगळी "हं" एकदम जमिनीवर ओतणं होतं. ती रागावली असती तर परवडलं असतं. ती रागावणार नाही, नुसतं "असं होय" म्हणेल, आणि त्यानंतर काहीच सांगायची नाही, याची त्यांना भीती वाटली. तो आवाज स्वयंपाकघरातून यायचा बंद होईल. आणि न विचारावं, तर गुरुवारी आपण कुठे, कशासाठी, कुणापुढे उभं राहायचं कबूल केलंय याचा पत्ता नाही. बंगळूरला असलेल्या मुलाला, राजसला विचारावं म्हणून त्यांनी फोन लावला आणि पहिल्या घंटीलाच तोडला. तो आईला सांगितल्याशिवाय राहिला नसता. मग ते रोज टेबलापाशी पाठमोरे बसू लागले, हातात वीट घेऊन, विटेकडे न बघता. कान मागे. पण पद्मजा त्या दिवसांत गप्पच होत्या. कधी पाट्यावर काही घासल्यासारखा आवाज, कधी नुसता श्वास, एखादी ओळ सुरू होता होता थांबलेली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं असतात तशा त्या आतल्या आत होत्या. त्यांच्याशी बोलावं कसं? देवाला नैवेद्य दाखवताना मध्ये कुणी बोलतं का?

गुरुवारी पांढरा सदरा घालून गोपाळकृष्ण पुलगेटला आले. कॅमेरा घरी ठेवला होता, त्यामुळे गळा उघडा पडल्यासारखा वाटत होता. लोणीची बस उभी होती, जुन्यांपैकीच. ते नेहमीसारखे आधी तिच्या बाजूला जाऊन उभे राहिले, नाक, दिवे, पत्र्यावरचा पोचा. मग कंडक्टरनं खालपर्यंत ऐकू येईल असं म्हटलं, "आजोबा, चढायचंय का नुसतं दर्शन?" आणि ते चढले. किती वर्षांनी चढले. आत शिरल्याबरोबर बस नाहीशी झाली. बाहेरून इतकी पाठ असलेली ही वस्तू आतून कुणी वेगळीच होती. बोचक्यांचा, घामाचा, मोगऱ्याचा वास, पाठीला थरथरणारा पत्रा, पुढच्या सीटवर एका मुलीच्या मानेवर सुटलेले केस. त्यांनी कधी बसला आतून वीट लावलेली नव्हती. त्यांच्या कपाटातल्या सगळ्या बसेस आतून पोकळ होत्या. हडपसर मागे पडलं तसं ऊन मवाळ झालं, रस्त्याकडेची दुकानं, नर्सऱ्यांमधली रोपं, कॉलेजांच्या पाट्या खिडकीतून पाण्यावरून सरकाव्यात तशा सरकू लागल्या, आणि त्यांना वाटलं, पद्मजा हे दर आठवड्याला बघते. याच पत्र्याच्या थरथरीवर तिनं ताल धरला असेल. ही थरथर तिच्या बोटांना ठाऊक आहे आणि मला फक्त या गाडीचा आवाज ठाऊक आहे, रस्त्याच्या पलीकडून ऐकलेला. झोप नव्हती, जागही नव्हती. गाडीचा हेलकावा त्यांना कुठेतरी नेत होता आणि त्यात लोणीच्या फलाटावरचं धुकं मिसळत होतं, शालीतले हात, मी कुठे उभी राहू.

"लोणी! उतरा पाव्हणं, का सोलापूरला जायाचंय?"

फाट्यावर उतरून ते गोंधळले. कुणाला काय विचारायचं? पण विचारावं लागलंच नाही. झेंडूच्या हारांची पाटी घेऊन एक फेटेवाले गृहस्थ त्यांच्याकडेच चालत आले.

"कर्वेनगरचं ना तुमी? मी रंगराव. देवळाचं बघतो. ताईंनी सांगितलं व्हतं, पांढरा सदरा आन् गाडीकडं मागं वळून बघत येतील त्ये आमचे." ते मोठ्यानं हसले. "चला, वेळ हाय अजून."

दत्ताचं देऊळ लहानसं, सभामंडप पत्र्याचा. सतरंजीवर गावातली माणसं बसत होती, शेतावरून आलेली, पाय धुऊन आलेली. बायकांची बाजू भरली होती. पुढे पेटीवाला सूर धरून बसला होता, तबल्यावर हातोडी पडत होती, आणि भिंतीला टेकून एक अगदी म्हाताऱ्या बाई टाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रंगरावांनी कानाशी सांगितलं, "यमुनाबाई. साठ गावं गाजवलीत कीर्तनानं. आता उभं ऱ्हावत न्हाई, म्हून शिकवत्यात." गोपाळकृष्णांनी मान हलवली आणि तेवढ्यात पद्मजा आल्या. नऊवारी नेसलेल्या, खांद्यावरून उपरणं, हातात चिपळ्या. त्या मूर्तीपुढे वाकल्या, यमुनाबाईंपुढे वाकल्या, आणि मधोमध उभ्या राहिल्या. उभ्याच राहिल्या. घरात कधी न उभ्या राहिलेल्या अशा. कीर्तन करणार होती ती. पहिलं कीर्तन. हे होतं गुरुवारी.

पूर्वरंग कसा गेला ते त्यांना पुरतं कळलं नाही. नाम म्हणजे काय, देव आपल्याला हाक मारतो तेव्हा आपण कुठे असतो, असं काहीसं निरूपण होतं. पद्मजाचा आवाज पहिल्या पदाला थोडा कापला, वरच्या स्वराला पोचता पोचता खाली घसरला, बायकांत कुणीतरी चुळबुळलं. मग तो स्वर त्यांनी पुन्हा घेतला आणि या वेळी धरून ठेवला, पाण्यानं भरलेली घागर काठावर धरावी तसा. गोपाळकृष्णांना इतकंच उमगत होतं की या आवाजाला वय आहे, आणि ते वय त्यांच्या घरात, त्यांच्या पाठीमागे झालेलं आहे.

मग गजर सुरू झाला, टाळ्या पडू लागल्या, मध्यंतर झालं. रंगराव त्यांच्यापुढे पाटी धरून उभे. "उठा. हार तुमी घालायचा."

"मी?"

"आता गं बया! तुमीच कबूल केलंय म्हनल्या ताई. म्हनल्या, मी इचारलं आन् ते हो म्हनले."

गोपाळकृष्ण उठले. गुडघे वाजले. एवढ्या माणसांतून चालत ते बायकोपुढे गेले, बुक्क्याची बोटं तिच्या कपाळाला लावली, हार घातला. आणि अडले. कारण रीत त्यांनाही माहीत होती, लहानपणापासून माहीत होती. कीर्तनाला उभं राहिलेलं माणूस नारदाच्या गादीवर असतं. बाप असो, सासरा असो, तिथे वाकायचं ते गादीपुढे. सदाशिव पेठेत जन्मलेला, चाळीस वर्षं या बाईकडून नमस्कार घेतलेला माणूस क्षणभर तसाच उभा राहिला. पेटी वाजतच होती. मग ते वाकले. पद्मजा मागे सरल्या नाहीत. घरी त्यांनी कान पकडले असते, "अहो, हे काय!" म्हणाल्या असत्या. इथे त्या हलल्या नाहीत. गोपाळकृष्णांना त्यांची पावलं दिसली, टाचांना भेगा पडलेली, अंगठ्याचं नख जरा काळवंडलेलं. ही पावलं त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. डोकं टेकलं तेव्हा सतरंजीचा धुळकट वास आला आणि वरून, गजराच्या आडून, अगदी हळू आवाज आला, "भिंतीला टेकून बसा. मांडी घालू नका, मग उठता येत नाही."

ते भिंतीला टेकून बसले. उत्तररंग सुरू झाला. पद्मजा आख्यान सांगू लागल्या. "ऐका श्रोतेहो. एक कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची पाटी, पायाला गाव नाही. सगळ्या मुलखाचे हात तिला ठाऊक. हात धरला की सांगायची, ही पाटलांची सून, ही सोनाराची लेक. तोंडाकडे कधी बघायची नाही. बघायचं कशाला? बांगडी का तोंडात घालायची असते?" माणसं हसली. गोपाळकृष्ण हसले नाहीत. त्यांना चमत्कारिक काहीतरी होत होतं. "सोनाराची लेक" हे शब्द येण्याआधी ते येणार हे त्यांना कळलं होतं. पुढचं वाक्य कानावर पडण्याआधी जिभेवर येत होतं. कासारणीचा नवरा घरी लाख तापवतो, आणि खरंच, पद्मजा म्हणाल्या, "घरी नवरा लाख तापवी." वेशीपाशी संध्याकाळ होते, आणि वेशीपाशी संध्याकाळ झाली. हे त्यांनी कुठे ऐकलं? त्यांना बसच्या जाळीच्या करड्या विटा दिसल्या, आणि त्या विटांना चिकटलेला तिचा आवाज. लाख म्हणजे मागचा लाल दिवा बसवत होते ती दुपार, कुकरची शिट्टी. वेस म्हणजे छत चढवलं तो दिवस. प्रत्येक विटेखाली एकेक शब्द जाऊन बसला होता, आणि बोटं दाबत गेली होती. त्यांनी ऐकलं नव्हतं. पण काहीतरी ऐकत होतं. त्यांच्या आत कुणीतरी, त्यांना न विचारता, वर्षभर मांडी घालून बसलं होतं.

"...वेशीतल्या देवळातून एक हात पुढे आला," पद्मजा सांगत होत्या. आवाज आता त्यांचा त्यांना सापडला होता. "असा हात तिनं कधी धरला नव्हता. मोठी बांगडी घालावी तर मनगटावरून गळते, लहान घालावी तर अंगठ्याशी अडते. हिरवी झाली, लाल झाली, पाटी रिकामी होत आली. कासारीण घामाघूम. म्हणते, माझ्या उभ्या जन्मात मला माप चुकलं नाही, आजच काय झालं? हात दाबते, वळवते, मोजते..." आणि पद्मजा थांबल्या.

चिपळी वाजली नाही. पेटीवाल्यानं स्वर लांबवला, एकदा वर नेऊन आणला, पुन्हा लांबवला. पद्मजाची नजर समोर कुठेच नव्हती. ओठ उघडे होते आणि त्यांच्या आत काही नव्हतं. यमुनाबाई भिंतीपासून पुढे झुकल्या. बायकांत कुणीतरी घसा खाकरला. गोपाळकृष्णांना तिच्या नाकपुड्या हललेल्या दिसल्या, गळ्यातल्या हारातल्या झेंडूचं एक फूल श्वासाबरोबर वरखाली होताना दिसलं, आणि त्यांना कळलं की ती आता पडेल, इथून, या गादीवरून, आणि पुन्हा उभी राहायची नाही.

त्यांचं तोंड उघडलं. भर कीर्तनात श्रोत्यानं बोलू नये, हे त्यांना ठाऊक होतं. आवाज घोगरा आला, पण सभामंडपभर ऐकू गेला.

"बाई, पाटीत किती शोधशील? वर बघ."

माना वळल्या. रंगराव "आं?" म्हणाले. पद्मजानं गोपाळकृष्णांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, सगळ्या माणसांमधून, आणि त्यांनी नजर खाली घेतली नाही.

"तो हात म्हणाला," पद्मजानं शब्द उचलला, आणि चिपळी वाजली, "बाई, पाटीत किती शोधशील? वर बघ!"